आजीच्या पाटल्या, हाली नोटा आणि सराफ लाईनीतील दोन पेढ्या

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळी सरल्यावर, मी लातूरच्या सराफ लाईनीतील दोन पेढ्यांवर एकच दागिना घेऊन गेले आणि दोन्हीकडे त्याची वेगवेगळी किंमत ऐकली. फरक तेवीस हजार सहाशे रुपयांचा होता. दिवस तोच, भाव तोच, पाटल्या त्याच. सोने साठवावे की पैसा, यावर आपल्याकडे घरोघरी बोलले जाते. पण साठवलेले सोने पुन्हा पैशात आणण्याची वेळ येते तेव्हा ते किती उरते, हे पेढीच्या काट्यावर ठरते. म्हणून हे परीक्षण त्या दोन पेढ्यांच्या सेवेचे आहे, आणि सोने, नोटा, मुदत ठेव व सुवर्ण रोखे (सोन्याच्या भावाशी बांधलेले सरकारी कागद) या चार वस्तूंचेही आहे, कारण आमच्या घरात या चारही गोष्टी कधी ना कधी राहून गेल्या आहेत. पेढ्यांची नावे मी देणार नाही. मला एकीची जाहिरात करायची नाही आणि दुसरीची बदनामीही करायची नाही.

आई २०२४ च्या उन्हाळ्यात गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीत आजीच्या दोन पाटल्या, आईची स्वतःची बोरमाळ आणि आजोबांची लाल कापडी बांधणीची वही होती. वहीत फसली १३५५ ची नोंद आहे: पाटल्या जोड, वजन चार तोळे, रुपये ३४० हाली, मजुरी १२. फसली १३५५ म्हणजे इसवी सन १९४५-४६. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आपले चलनही वेगळे होते. त्याला हाली सिक्का किंवा उस्मानिया सिक्का म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब होता. त्याच वहीच्या पानांत दहा रुपयांच्या अकरा हाली नोटा घडी न घालता ठेवलेल्या सापडल्या. त्यांच्यावर उर्दूसोबत मराठी, कानडी, तेलुगू आणि इंग्रजीतही रक्कम लिहिलेली आहे. आजोबांनी त्या कशासाठी राखून ठेवल्या, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.

या नोटांचा हिशेब मी वहीतल्याच भावाने केला. चार तोळ्यांना ३४० म्हणजे तोळ्याला ८५ हाली. अकरा नोटांचे ११० हाली. म्हणजे त्या वर्षी या नोटांत सव्वा तोळ्याहून थोडे अधिक सोने येत होते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात विलीन झाले, पुढे भारतीय रुपया आला, १९५१ मध्ये हाली चलन काढणे थांबले आणि १९५९ मध्ये त्याची कायदेशीर मान्यताही संपली. नोटा बदलून घ्यायला तेवढी वर्षे मिळाली होती, त्यामुळे सरकारने लुटले असे मी म्हणणार नाही. आजोबांच्या वहीत मात्र त्या तशाच राहिल्या. आज त्यांना एखादा संग्राहक काही देईल. बाजारात त्यांची मिरचीची पुडीही येणार नाही. त्याच घरातल्या, त्याच सुमारास घेतलेल्या पाटल्यांना मात्र नोव्हेंबरात सराफाने तीन लाखांहून अधिक रुपये मोजले.

पाटल्या मोडायचे कारण साधे होते. आम्ही दोघी बहिणी. एकीने एक पाटली घ्यायची आणि दुसरीने दुसरी, असे ठरवून पाहिले. पण धाकटीच्या मुलाचे वसतिगृहाचे आणि शिक्षणाचे पैसे जूनमध्ये भरायचे होते आणि तिला दागिन्यापेक्षा रोकड हवी होती. मी म्हटले, सगळे मोडू, निम्मे-निम्मे करू, मग जिने जे हवे ते घ्यावे. 

पहिली पेढी गंजगोलाईच्या अगदी जवळ आहे, काचेची, थंडगार, आणि भिंतीवर त्या दिवसाचा भाव लाल आकड्यांत चमकत असतो. तेथे बसायला चांगली खुर्ची मिळाली, पाणी मिळाले, चहा मिळाला. काट्यावर पाटल्यांचे वजन ४६.२४० ग्रॅम भरले. तेथील माणसाने कसोटीच्या दगडावर एक रेघ ओढली, डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि सांगितले की जुने काम आहे, डाक (सांधे जोडायचा मिश्रधातू) फार आहे, बावीस कॅरेट धरून वर दहा टक्के घट जाईल. शुद्ध सोन्याचा विक्रीचा भाव त्या दिवशी दहा ग्रॅमला ७७,००० होता आणि मोडीचा, म्हणजे पेढीने जुने सोने परत घेण्याचा, भाव ७६,०००. या हिशेबाने हातात २,८९,७०० रुपये येत होते. दहा टक्के कशावरून, असे विचारल्यावर उत्तर आले, "जुन्या मालाला एवढीच बसते, बाई." यंत्रावर टंच, म्हणजे शेकडा किती सोने शुद्ध आहे ते, काढून दाखवा म्हटले, तर यंत्र नव्या मालासाठी आहे असे सांगण्यात आले. माझी तक्रार घटीच्या आकड्याविषयी नाही. घट बसते, हे मला ठाऊक आहे. ती मोजून बसवायची की अंदाजाने, एवढाच प्रश्न आहे. आणि अंदाज नेहमी पेढीच्याच बाजूने का झुकतो, याचे उत्तर मला मिळाले नाही.

दुसरी पेढी त्याच लाईनीत आत आहे. पायरी उंच आहे, बसायला सतरंजी आहे, पंखा वाजतो. गादीवर सत्तरीच्या पुढचे मालक आणि मागे भट्टीशी एक कारागीर. मालकांनी आधी यंत्रावर तीन ठिकाणी टंच घेतला: दोन ठिकाणी एक्क्याण्णवच्या आसपास आणि जोडाजवळ ८४. मग ते म्हणाले, "बाई, यंत्र वरवरचं बघतंय. आटवून घेऊ. तुम्ही इथंच बसा, समोर बघा." आटवण्याआधी त्यांनी एक गोष्ट बजावली, ती महत्त्वाची आहे: एकदा आटवले की पाटल्या राहणार नाहीत, आणि भाव पटला नाही तर लगड (आटवलेल्या सोन्याची कांडी) घेऊन जाता येईल, दागिना नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. धाकटीने मान हलवली.

कारागिराने पाटल्या कात्रीने तोडून मुशीत टाकल्या. वर चिमूटभर टाकणखार. बत्तीची ज्योत निळी झाली आणि पहिल्यांदा तुकड्यांच्या कडा मऊ होऊन एकमेकांवर लवंडल्या; मग सगळे मिळून एकच थेंब झाला आणि मुशीत गोल गोल फिरू लागला. आजीच्या पाटल्यांवर वेलबुट्टी होती, तिचा मागमूस अर्ध्या मिनिटात गेला. लोखंडी साच्यात ओतून, पाण्यात विझवून, त्यांनी बोटाएवढी लगड माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती. वजन ४६.०२० ग्रॅम, टंच ८९.६. म्हणजे शुद्ध सोने ४१.२३४ ग्रॅम, आणि ७६,००० च्या भावाने ३,१३,३७८ रुपये. 

मी घरी येऊन आणखी एक हिशेब केला. वहीतले चार तोळे म्हणजे जुने तोळे, ११.६६ ग्रॅमचे, आज सराफ्यात तोळा म्हणतात तेव्हा दहा ग्रॅम समजतात. हे न कळल्यामुळे जुनी वही आणि नवी पावती यांचा मेळ न बसून घरात भांडणे झालेली मी पाहिली आहेत. जुन्या चार तोळ्यांचे ४६.६५ ग्रॅम होतात. पेढीवर भरले ४६.२४. म्हणजे आजीच्या आणि आईच्या हातांवर, जात्यावर, धुण्याच्या दगडावर, जवळपास ऐंशी वर्षे घासून साडेतीन गुंजांएवढेच, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, सोने झिजले.

बोरमाळीने मात्र आम्हाला धक्का दिला. ती आईच्या लग्नातली, १९६४ ची. आई तिला शेवटपर्यंत बावनकशी समजत होती. मण्यांतली लाख काढल्यावर वजन १४.२ ग्रॅम उरले आणि टंच आला ५८. मला वाटले, कोणीतरी आजोबांना फसवले. मालकांनी सन विचारला आणि लगेच उलगडा केला. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरेटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. ती बंदी १९६६ मध्ये उठली. चौदा कॅरेट म्हणजे शेकडा ५८.३. आजोबांना कोणी फसवले नव्हते, कायद्याने मिळत होते तेच त्यांनी घेतले होते. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० पर्यंत राहिला. त्या काळात सामान्य माणसाला घरात लगड किंवा बिस्किट ठेवता येत नसे. सोन्यावर सरकारचा हात पोहोचत नाही, असे जे ठामपणे सांगितले जाते, ते या बोरमाळीपुढे टिकत नाही. फरक इतकाच की कायद्याने कस कमी केला तरी जेवढे सोने आत होते तेवढ्याचे साठ वर्षांनी साडेबासष्ट हजार आले.

आता नोटांविषयी. आईच्या हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात २०१७ च्या मार्च महिन्यात पाचशेच्या सात जुन्या नोटा निघाल्या. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, ३० डिसेंबरपर्यंत बँकेत भरायची मुदत होती, आणि आईने तीन डबे उपसले होते, चौथा राहिला. बाईमाणसाने घरखर्चातून वाचवलेले साडेतीन हजार रुपये. दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला कायद्याची हरकत नाही, म्हणून त्या अजून आहेत. १९७८ च्या जानेवारीतही हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा अशाच रद्द झाल्या होत्या, पण त्या आमच्यासारख्या घरांत कधी आल्याच नव्हत्या. २०२३ मध्ये दोन हजारांची नोट परत घेतली गेली तेव्हा मात्र आईने दुसऱ्याच दिवशी डबे पाहिले.

नोट रद्द होणे हा क्वचितचा प्रसंग आहे. महागाई रोजची आहे. १९४७ मध्ये दहा ग्रॅम सोने ८८-८९ रुपयांना मिळत होते. त्या वर्षी कोणी शंभराची नोट जपून ठेवली असती आणि ती कधीच रद्द झाली नसती, तरी आज तिच्यात मुलाची वहीपुस्तकेही येणार नाहीत. जगभर कागदी चलनाची सोन्याशी असलेली शेवटची गाठ १५ ऑगस्ट १९७१ ला सुटली, जेव्हा अमेरिकेने ३५ डॉलरला एक औंस या दराने परदेशी सरकारांना सोने देणे थांबवले. तेव्हापासून नोटेमागे आहे ते सरकारचे वचन. ते वचन रोजच्या व्यवहाराला पुरेसे आहे, आणि मी भाजीवाल्याला गुंजभर सोने देऊ शकत नाही, हेही तितकेच खरे आहे. शिवाय अडचणीच्या वेळी स्वतः सरकारही सोन्याकडेच वळते. १९९१ मध्ये परकीय चलन आटले तेव्हा आपल्या देशाने ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवले होते. आपल्याकडे खरिपाच्या पेरणीला गंठण बँकेत जाते आणि सुगीला परत येते, त्यातलाच हा प्रकार.

एवढे वाचून मी सोन्याची कैवारी वाटेन, म्हणून माझ्या स्वतःच्या मुदत ठेवीचा हिशेब सांगते. १९९६ मध्ये मी नुकती नोकरीत कायम झाले होते. त्या वर्षी सोने दहा ग्रॅमला साधारण ५,१६० रुपये होते. मी दहा हजार रुपये पाच वर्षांसाठी १२ टक्के व्याजाने बँकेत ठेवले. आजी माझ्यावर रागावली, "कागद घेऊन आलीस" म्हणाली. २००१ मध्ये त्या कागदाचे १८,०६१ रुपये झाले. आजीचे ऐकून सोने घेतले असते तर १९.४ ग्रॅम आले असते आणि भाव ४,३०० वर उतरल्यामुळे त्याचे ८,३०० झाले असते. पाच वर्षांत निम्म्याहून अधिक फरक, आणि तो ठेवीच्या बाजूने. त्यानंतर ती ठेव सरासरी ७ टक्क्यांनी चालू राहिली असे धरले, तर २०१० पर्यंत तिचे ३३,००० झाले असते, आणि त्या वर्षी सोने १८,५०० झाल्यामुळे १९.४ ग्रॅमचे ३६,०००. म्हणजे सोन्याला बरोबरी गाठायला चौदा वर्षे लागली. पुढे २०२४ पर्यंत ठेव ८५,६०० आणि सोने १,४९,००० असा आकडा येतो. सोने जिंकले, पण अधली चौदा वर्षे ते मागे होते. आणि त्या चौदा वर्षांत माझे घर बांधून झाले, दोन्ही मुलांच्या शाळा झाल्या. तेव्हा माझ्याकडे सोने असते तर मी ते तोट्यातच मोडले असते.

आपल्या भागात हे अधिक जाणवते, कारण आपल्याला सोने मोडायची वेळ पाऊस ठरवतो. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा भाव ३१,००० झाला होता आणि त्या सुगीला शेजारच्या गावांतून लोकांनी हौसेने सोने घेतले. पुढे एकामागून एक दुष्काळ आले, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि लोक दागिने घेऊन सराफ लाईनीत आले. त्याआधीच्या वर्षी भाव २६,००० च्या आसपास उतरला होता आणि दुष्काळाच्या वर्षातही तो २०१२ च्या खालीच राहिला. घेताना घडणावळ गेली, मोडताना घट गेली आणि भावही खाली. शेतकऱ्याचा माल आणि त्याचे सोने एकाच वेळी पडेल, असे कोणी पुस्तकात लिहीत नाही, पण आपण ते पाहिले आहे.

मी शेतकऱ्याची मुलगी असल्यामुळे सोयाबीनच्या क्विंटलांतही भाव मोजून पाहते. हमीभाव धरला, तर २०१२ मध्ये २,२४० रुपयांच्या दराने दहा ग्रॅम सोन्याला जवळपास चौदा क्विंटल सोयाबीन लागत होते. २०१५ मध्ये हमीभाव २,६०० होता आणि दहाच क्विंटल लागत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४,८९२ च्या हमीभावाने पावणेसोळा क्विंटल. आणि त्या हंगामात आडतीवर हमीभावही मिळत नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोने सव्वा लाखावर गेले तेव्हा ५,३२८ च्या हमीभावाने साडेतेवीस क्विंटल. म्हणजे सोन्याचे मोल धान्यात मोजले तरी ते एका जागी उभे राहत नाही. दहापासून साडेतेवीसपर्यंत हेलकावे खाणाऱ्या वस्तूला माझे मन स्थिर म्हणायला धजत नाही. टिकाऊ मात्र मी तिला नक्की म्हणेन.

टिकाऊपणाचा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा माझी मावशी औसा तालुक्यातल्या एका गावात होती. दगडमातीच्या जाड भिंतींचे घर पूर्ण बसले. मावशी वाचली. चौथ्या दिवशी ढिगाऱ्यातून तिची ठुशी निघाली, चपटी झालेली, पण वजनाला तशीच. उतरंडीत कापडात बांधलेल्या नोटांचा पावसाने लगदा झाला होता. बँकेतली तिच्या नवऱ्याची ठेव मात्र, पावती हरवूनही, शाखेच्या खातेवहीवरून मिळाली. त्या गावांत असेही अनेक होते ज्यांचे सोने कधीच सापडले नाही, आणि असेही की सोने सापडले पण घालणारे हात उरले नाहीत. घरातले सोने हे घराइतकेच सुरक्षित असते. बँकेतली नोंद दुसऱ्या गावातही जिवंत राहते. अर्थात बँक म्हणजे बँकच. ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, ते फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी एक लाखच होते. पतसंस्थांच्या ठेवींना हे कवच लागू नाही. दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून पतसंस्थेत ठेवलेली आयुष्याची पुंजी अडकलेली माणसे आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि त्यांच्यापुढे कागदाचे गुणगान गाण्याची माझी तयारी नाही.

चौथी वस्तू सुवर्ण रोख्यांची. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने पहिली मालिका काढली तेव्हा मी धाडस करून दहा ग्रॅमचे रोखे घेतले, ग्रॅमला २,६८४ रुपयांनी, एकूण २६,८४०. वर्षाला २.७५ टक्के व्याज, म्हणजे ७३८ रुपये, दर सहा महिन्यांनी निम्मे खात्यात. ३० नोव्हेंबर २०२३ ला मुदत संपली आणि ग्रॅमला ६,१३२ या दराने ६१,३२० रुपये जमा झाले. घडणावळ नाही, घट नाही, जीएसटी नाही, चोरीची भीती नाही, आणि मुदतपूर्तीच्या रकमेतील वाढीवर करही नाही. मी वापरलेल्या सगळ्या साधनांत हिशेबाला हे सर्वांत चोख ठरले. त्याचे दोन दोष सांगायला हवेत. अडीनडीला रातोरात मोडता येत नाही, आणि फेब्रुवारी २०२४ नंतर सरकारने नवी मालिका काढलेली नाही; त्यामुळे आज कोणाला घ्या म्हणावे, तर शेअर बाजारात जुने रोखे शोधावे लागतात, आणि ते सर्वांना जमत नाही.

पुन्हा पेढीवर येते. पाटल्या आणि बोरमाळ मिळून ३,७५,९७२ रुपये झाले, प्रत्येकीला १,८७,९८६. धाकटीने तिचा वाटा नांदेडला नेऊन बँकेत ठेवला आणि जूनमध्ये मोडून फी भरली. मला पुन्हा सोनेच घ्यायचे होते, कारण माझा वाटा मी नातीसाठी ठेवणार होते आणि तिला तो लागायला अजून वीस वर्षे आहेत. मालकांकडून मी दोन हिशेब लिहून घेतले, ते येथे देते, कारण माझ्या मते सोने आणि कागद यांच्या तुलनेइतकीच ही तुलना मोलाची आहे.

वीस ग्रॅमची बावीस कॅरेटची एकदाणी (सोन्याच्या मण्यांची माळ): सोने १,४१,२००, घडणावळ बारा टक्के म्हणजे १६,९४४, त्यावर तीन टक्के जीएसटी ४,७४४, हॉलमार्कचे ५३. एकूण १,६२,९४१. तीच एकदाणी त्याच संध्याकाळी परत नेली तर मोडीच्या भावाने १,३९,००० च्या आसपास. म्हणजे साडेतेवीस हजार रुपये पहिल्याच दिवशी गेले, शेकडा साडेचौदा. वीस ग्रॅमची ९९५ शुद्धतेची (हजारात ९९५ भाग सोने) वेढणी, म्हणजे बिननक्षीचे साधे वळे: सोने १,५४,०००, मजुरी ३००, जीएसटी ४,६२९, एकूण १,५८,९२९, परत नेली तर १,५१,२००. तोटा पाच टक्क्यांच्या आत. एकदाणी अंगावर शोभते, लग्नाकार्यात मान देते, आणि ते सुख खरेच मोलाचे आहे. पण तो मोबदला घालण्याचा आहे, साठवण्याचा नाही. साठवणीसाठी एकदाणी घेणाऱ्याने जवळपास सतरा टक्के भाव वाढेपर्यंत थांबायचे असते, आणि दुकानात ही गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. या पेढीवर सांगितली, विचारल्यावर का होईना. मी वेढणी घेतली.

वर्षभरात भाव सव्वा लाखापलीकडे गेल्यामुळे माझ्या वेढणीचे अडीच लाख झाले आणि धाकटीचे पैसे केव्हाच खर्च झाले. ती एकदा फोनवर म्हणाली, "ताई, मी चुकले का गं?" मी तिला १९९६ ची पावती आठवून दिली. सहा महिन्यांनी लागणारे पैसे सोन्यात ठेवायचे नसतात. भाव चढला म्हणून तो नियम खोटा ठरत नाही, आणि भाव पडला असता तर मुलाचे वर्ष वाया गेले असते.

दुसऱ्या पेढीच्या उणिवाही नोंदवते. टंच आणि लगडीचे वजन त्यांनी तोंडी सांगितले. पावतीवर लिहून द्या म्हटल्यावर लिहिले, पण म्हणावे लागले. मुशीला चिकटून राहिलेले कण पेढीचेच राहतात, त्यांचा हिशेब मिळत नाही. मोडीची रक्कम दहा हजारांवर असेल तर ती रोख मिळत नाही, बँकेतच येते, आणि आमच्या वेळी ती त्या दिवशी न येता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. तोवर आमच्या हातात ना सोने होते ना पैसा, फक्त एक पावती होती, आणि ती रात्र आम्हा दोघींना जड गेली. नव्या मालावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क ओळख क्रमांक, असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासून पाहण्याची सोय आहे. तेथे भिंगही मागितल्यावर मिळते. आधार आणि पॅन दोन्ही न्यावे. आटवणी करायची असेल तर लग्नसराईचे दिवस टाळून दुपारी जावे, कारण कारागीर बारा ते चार एवढाच वेळ भट्टीशी असतो आणि त्याच्याशिवाय मालक मूस पेटवत नाहीत. निघताना त्यांनी बोरमाळीतून काढलेली लाख आणि तिचा लाल गोंडा पुडीत बांधून आमच्या हाती दिला. गोंडा धाकटीने नेला.